ट्रायल

विमान कापडाचं असतं, हे वडिलांना पटेना.
"चेष्टा करताय का, आहेर मिस्त्री?"
दहीपुलाचं दुकान, गळ्यात टेप,
आणि काउंटरवर एक फाटका तुकडा,
पिवळ्या रंगाचे पोपडे धरलेला.
त्यांनी सवयीने एक सूत उसवलं, काडी लावली.
भपकन पेटलं. भुवई करपली.
"कापूसच आहे," वडील म्हणाले.
"आणि हे वर जातं?"

गांधीनगरच्या धावपट्टीकडेला पत्र्याची शेड.
आत टायगर मॉथ, पंख उतरवलेलं,
आंघोळीला बसवलेल्या पोरासारखं अवघडलेलं.
पंख घोडीवर उभे केलेले.
लाकडी फासळ्या, बारीक पितळी खिळे, मधूनमधून तारा.
मी अकरा वर्षांची. मला वाटलं, एवढंच?
आमच्या दुकानाचं फळकूट याहून जड होतं.

पहिली चूक वडिलांचीच.
रिवाजाप्रमाणे अख्खा तागा रात्रभर भिजत घातला.
सकाळी दोरीवर वाळताना बघून मिस्त्री धावत आले:
"अहो निकुंभ, आधीच आटवलंत तर ताणणार काय?
डोप लावला की हे पंखावर आटायला हवं, जागच्या जागी!"
पंचवीस वर्षं आटण्याशी भांडलेला माणूस
तिथेच खाली बसला.
हसला.
नवा तागा आणला, स्वतःच्या पैशाने.

सुई वीतभर लांब, दोन्हीकडे टोक.
पंखाच्या अलीकडे ते, पलीकडे मी.
मध्ये कापड, म्हणून दिसायचो नाही एकमेकांना.
नुसतं टोक बाहेर यायचं, उंदराच्या नाकासारखं,
मी ओढायची, फासळीला वळसा घालून परत खुपसायची.
मेणवलेला दोरा सूं करत जायचा.
"गाठ?"
"मारली."
"दाखव."
"कशी दाखवू?"
पंख्याच्या झोतात येणारे टाके दाट,
टोकाकडचे विरळ, खडूने आखून दिलेले.
नवव्या फासळीवर माझा एक टाका तिरका गेला.
मी बोलले नाही.

मग डोप. शेडभर पिकल्या केळ्यांचा वास, डोकं जड.
सकाळी ढिला असलेला पंख
दुपारी डफासारखा वाजायला लागला.
वडील येता-जाता टिचकी मारायचे
आणि कान द्यायचे, जणू आत कुणी ओ देणार आहे.

"शिवणाऱ्यानेच आधी घालून बघावं," पायलट देवधर म्हणाले.
वडिलांनी टोपी माझ्या हातात दिली,
चष्मा नाडीने डोक्याला बांधला.
मिस्त्रींनी पंखा हाताने फिरवला. एकदा. दोनदा.
विमान खोकलं, थुंकलं, धरलं एकदाचं.
गवतातून चार उड्या,
मग खाली सावली एकटीच धावत राहिली.

ते पांडवलेण्यांच्या डोंगराकडे वळले.
इतकं सावकाश, की एका घारीने त्यांना मागे टाकलं.
सगळे वर बघून टाळ्या पिटत होते.
मी टोपी चुरगाळत एकच बघत होते:
डावीकडचा खालचा पंख, नववी फासळी.

उतरल्यावर ते काही वेळ गप्पच.
शर्टावर तेलाचे शिंतोडे, डोळ्यांत पाणी.
वाऱ्याचं आहे, म्हणाले.
दहीपुलावरच्या गच्च्या दिसल्या म्हणे,
वाळत घातलेले कपडे दिसले,
त्यातला एक शर्ट त्यांनीच शिवलेला.
"कॉलर ओळखली मी."
मिस्त्रींनी हे आजतागायत मानलेलं नाही.

मग पंखावरून हात फिरवत चालत गेले
आणि नवव्या फासळीशी थांबले.
अंगठ्याने पट्टी दाबली.
माझ्याकडे पाहिलं नाही.
"खांद्यात किंचित ताठ आहे," मिस्त्रींना म्हणाले,
"बाकी बसलंय."

आता ओझरहून जेट जातात, बशीत कप थरथरतो,
वर बघेपर्यंत आभाळ मोकळं.
ती सुई माझ्या डब्यात आहे.
गादीलाही चालत नाही, गोधडीलाही नाही.
शेजारचा ओजस परवा ती उलटसुलट करून
विचारत होता,
हिची मागची बाजू कुठली?